वाघामागचा झेंडा : नागपुरातल्या एका बाइक ग्रुपचं प्रकरण

प्रकरण सुरू झालं ते आमच्या महाविद्यालयाच्या हेल्मेट जनजागृती रॅलीत. रॅलीच्या पुढे राहायला शहरातला एक बाइक ग्रुप बोलावला होता. पोरं विशीपासून पस्तिशीपर्यंतची. कोणी मिहानमध्ये नोकरीला, कोणाचं इतवारीत घरचं दुकान, कोणाचे इंजिनीअरिंगचे विषय अजून निघायचे आहेत. रविवारी पहाटे निघायचं, रामटेक, खिंडसी, पेंच असं कुठंतरी जाऊन यायचं, वाटेत तर्री-पोहे हाणायचे, हा त्यांचा नेम. रक्तदान असो की हायवेवर कोणाचा अपघात, ही पोरं धावून जातात. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचताना कोणाच्या डोळ्यांपुढे गुंड उभे राहू नयेत.

त्यांच्या काळ्या जॅकेटच्या पाठीवर मोठा पॅच होता. लाल कापड, त्यावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत निळी फुली, फुलीत पांढरे तारे आणि मधोमध वाघाचं तोंड. पेट्रोलच्या टाकीवरही तेच रेडियम. नागपूर म्हणजे वाघांच्या जंगलांचं दार, म्हणून वाघ. बाकीचं डिझाइन रेडियमवाल्याकडे तयारच होतं, ‘रेबेल फ्लॅग’ या नावानं.

रॅलीआधी सगळ्यांचा फोटो काढायचा होता. पूर्व आफ्रिकेतून इथं शिकायला आलेला एक पदव्युत्तर विद्यार्थी स्वयंसेवक म्हणून आला होता. जॅकेटं पाठमोरी करून ओळ लागली तेव्हा तो शांतपणे बाजूला झाला. कारण विचारलं तर म्हणाला, ‘यांना माहीत नाही हे मला कळतं, माझा यांच्यावर राग नाही. पण या झेंड्याखाली उभा राहून फोटो मी काढणार नाही.’ त्याच्या मामाचं कुटुंब अमेरिकेत दक्षिण कॅरोलिनात राहतं. ज्या घरावर हा झेंडा दिसेल तिथं पत्ता विचारायलासुद्धा गाडी थांबवायची नाही, असं त्या घरात मुलांना शिकवतात.

फोटो त्याच्याशिवाय निघाला आणि संध्याकाळी ग्रुपच्या पानावर चढला. उत्तर नागपुरातली, आमच्याच महाविद्यालयात इंग्रजीचं एम.ए. करणारी, आफ्रिकन-अमेरिकन कवितेवर प्रबंध लिहिणारी एक विद्यार्थिनी तिथं लिहून गेली की हा अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामी टिकवायला लढलेल्या दक्षिणेचा झेंडा आहे आणि तो घालून जनजागृती करणं लाजिरवाणं आहे. खाली भांडण पेटलं. कोणीतरी ‘वंशवादी’ म्हटलं आणि पोरांना ते फार लागलं. प्राचार्यांनी दोन्ही बाजूंना बसवायचं काम माझ्याकडे दिलं, कारण मी इतिहास शिकवते.

पोरांचं म्हणणं

ग्रुपचा म्होरक्या बोलणारा आणि सरळ मनाचा. पहिलंच वाक्य त्याचं, ‘मॅडम, आमच्या मनात तसं काहीच नव्हतं ना जी.’ यावर माझा पूर्ण विश्वास बसला आणि आजही आहे. त्याच्यामागून बाकीचे बोलले. आम्ही त्यात वाघ टाकला, म्हणजे झेंडा आमचा झाला. कोणत्या झेंड्याखाली रक्त सांडलं नाही? इंग्रजांच्या झेंड्याखाली काय कमी झालं? एकाने विचारलं, ‘बाहेरचे लोक आपल्या स्वस्तिकालेबी हिटलरचं म्हणतात. मग दारावरचं स्वस्तिक काढून टाकायचं का?’ आणि शेवटी, ‘अमेरिकेतल्या भांडणाशी आपल्याले काय करायचं हाय?’

या प्रश्नांना उडवून लावणं सोपं होतं, पण मला ते सगळे खरे प्रश्न वाटतात. झेंडा वंशद्वेषाची खूण कसा बनतो, याचं उत्तर ह्यांच्यातूनच काढावं लागतं.

फळ्यावर लिहिलेल्या तारखा

मी फळ्यावर तारखा लिहिल्या. झेंड्याचं डिझाइन कधी झालं यापेक्षा तो कधी आणि कशाच्या उत्तरादाखल वर चढवला, याच्या.

१८६०-६१ मध्ये अमेरिकेतली दक्षिणेकडची राज्यं संघराज्यातून फुटली, त्यांनी ‘कॉन्फेडरेट’ नावाचं वेगळं सरकार काढलं आणि उत्तरेशी युद्ध सुरू झालं. कशासाठी, हे त्यांनी लपवलं नाही. मिसिसिपीच्या फुटण्याच्या घोषणापत्रात आपली भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे एकरूप आहे असं स्वच्छ लिहिलंय. फुटलेल्या सरकारचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी २१ मार्च १८६१ रोजी सव्हाना शहरात भाषण केलं. काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही, या ‘सत्या’वर आमच्या सरकारचा पाया उभा आहे, असं ते म्हणाले. १८६० च्या जनगणनेत अमेरिकेत जवळपास ४० लाख माणसं गुलाम म्हणून मोजली गेली होती.

या सरकारचा पहिला अधिकृत झेंडा मात्र पोरांच्या पाठीवरचा नव्हता. तो तीन आडव्या पट्ट्यांचा होता, कोपऱ्यात निळ्यावर ताऱ्यांचं कडं. जुलै १८६१ च्या मनॅसासच्या लढाईत धुराळ्यातून तो शत्रूच्या झेंड्यासारखाच दिसायला लागला. म्हणून सेनापतींनी रणांगणासाठी लांबून ओळखू येईल असं वेगळं निशाण निवडलं. ती ही लाल-निळी फुली. विल्यम पोर्चर माइल्स या दक्षिण कॅरोलिनाच्या लोकप्रतिनिधीने ती सुचवली होती. १८६३ मध्ये हीच फुली कोपऱ्यात ठेवून बाकी सगळा पांढरा असा राष्ट्रीय झेंडा आला. सव्हानाच्या एका वृत्तपत्राच्या संपादकाने, विल्यम थॉम्पसनने, त्या पांढऱ्या रंगाचं समर्थन करताना लिहिलं की आपण गोऱ्यांचं वर्चस्व राखायला लढतो आहोत, तेव्हा पांढरं निशाणच आपल्या कार्याला शोभेल.

१८६५ मध्ये दक्षिण हरली. इथं पोरं सावरून बसली. एकजण म्हणाला, ‘म्हणजे संपलंच ना मग?’

खरं तर इथूनच पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. काही दशकं हा झेंडा मुख्यतः जुन्या सैनिकांचे मेळावे, स्मारकं, अंत्ययात्रा यांत दिसे. तेव्हासुद्धा तो निरागस नव्हता. युद्ध गुलामगिरीसाठी झालंच नाही, ते मानासाठी झालं, अशी गोष्ट त्याच काळात घडवली गेली आणि पाठ्यपुस्तकांत शिरली. १८९० मध्ये मिसिसिपीने नवं संविधान करून काळ्यांचा मतदानाचा हक्क जवळपास मोडीत काढला. चारच वर्षांनी, १८९४ मध्ये, राज्याच्या झेंड्यात ही फुली बसवली.

पुढच्या तारखा मी एकाखाली एक लिहिल्या. जुलै १९४८ : राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी सैन्यातला वर्णभेद संपवण्याचा आदेश काढला. त्याच उन्हाळ्यात त्यांच्या नागरी हक्कांच्या धोरणाला विरोध म्हणून दक्षिणेतल्या नेत्यांनी वेगळा पक्ष काढला आणि त्याच्या सभांत हा झेंडा फडकू लागला. मे १९५४ : गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. १९५६ : जॉर्जियाच्या विधिमंडळाने त्या निकालाला विरोध करणारे ठराव आणि कायदे केले, आणि त्याच अधिवेशनात राज्याच्या झेंड्यात ही फुली घातली. एप्रिल १९६३ : शाळा-कॉलेजं काळ्यांना खुली करण्याबद्दल बोलायला देशाचे ॲटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी अलाबामात आले, त्याच दिवशी गव्हर्नर जॉर्ज वॉलेस यांनी विधानभवनावर हा झेंडा चढवला. गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी दहशत माजवणाऱ्या कू क्लक्स क्लॅन या संघटनेच्या मिरवणुकांतही तोच.

म्हणजे काळ्या माणसाला एखादा हक्क मिळाला की हा झेंडा वर जातो. असं एकदा झालं तर योगायोग म्हणता येईल. इतक्यांदा झाल्यावर ज्याच्या नाकासमोर तो चढवला गेला त्याने त्याचा अर्थ बरोबरच वाचला, असं माझं स्पष्ट मत आहे.

पुढे २०१५. १७ जूनला चार्ल्सटनच्या एका जुन्या कृष्णवर्णीय चर्चमध्ये बायबल वाचायला बसलेल्या नऊ जणांना एका गोऱ्या तरुणाने गोळ्या घालून मारलं. हा झेंडा हातात घेतलेले त्याचे फोटो सापडले. दुसऱ्या एका फोटोत त्याच्या जॅकेटवर वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेचा आणि ऱ्होडेशियाचा, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत गोऱ्यांची सत्ता होती तेव्हाचा, झेंडा होता. दक्षिण कॅरोलिनाच्या विधानभवनावरचे देशाचे आणि राज्याचे झेंडे शोकासाठी अर्ध्यावर आले. आवारातला हा झेंडा मात्र पूर्ण उंचीवर राहिला, कारण तो हलवायला विधिमंडळाची मंजुरी लागत होती. २७ जूनला ब्री न्यूसम ही कृष्णवर्णीय तरुणी खांबावर चढली आणि तिने तो हातांनी उतरवला. तिला अटक झाली आणि झेंडा पुन्हा चढवला गेला. कायदा होऊन तो कायमचा उतरला १० जुलैला. मिसिसिपीने आपल्या झेंड्यातून फुली काढली ती २०२० मध्ये.

जॅकेटवरच्या झेंड्यांचं ऐकल्यावर खोलीत कोणी बोललं नाही. पोरांच्या अंगात जॅकेटंच होती.

‘आमच्या मनात नव्हतं’ याचं वजन किती

मन स्वच्छ असेल तर माणसाला दोष देऊ नये, आणि मी दिलाही नाही. पण झेंडा अंगावर चढवतात तो दुसऱ्याने बघावा म्हणून. पाठीवरचा पॅच तर घालणाऱ्याला दिसतही नाही, तो मागच्यालाच दिसतो. त्यामुळे त्याचा अर्थ ठरवताना बघणाऱ्याच्या आठवणीला वगळता येत नाही. नागपूरकराला हे समजावून सांगायची गरज नसावी. कोणता झेंडा कोणत्या दिवशी कोणत्या चौकातून जातो आणि त्याने कोणाच्या छातीत काय होतं, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं.

आणि आपल्या शहराचा तर यात मोठा अनुभव आहे. १९२३ मध्ये चरख्याचा तिरंगा घेऊन सिव्हिल लाइन्समध्ये जायला इंग्रज सरकारने मनाई केली. मे महिन्यापासून जमनालाल बजाजांच्या पुढाकाराने झेंडा सत्याग्रह सुरू झाला. देशभरातून तुकड्या आल्या, हजाराहून जास्त लोक तुरुंगात गेले, बजाजांना अटक झाल्यावर वल्लभभाई पटेल येऊन उभे राहिले, आणि ऑगस्टमध्ये मिरवणूक त्या रस्त्यावरून गेली. झेंडा नुसतं कापड असता तर सरकारने तो अडवला नसता आणि माणसं त्यासाठी तुरुंगात गेली नसती. हे मी सांगितलं तेव्हा म्होरक्याने मान डोलावली. पण लगेच म्हणाला, ‘मग आमच्या वाघाचा नवा अर्थ काहून नाही होऊ शकत?’

होऊ शकतो, अशी उदाहरणं आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रध्वजाचंच घ्या. १८६५ पर्यंत त्याच्याखालीही गुलामगिरी चालली. १९२५ मध्ये वॉशिंग्टनच्या रस्त्यांवरून क्लॅनचे हजारो लोक चालले ते राष्ट्रध्वज घेऊनच. मग तो वंशद्वेषाचा झेंडा का ठरला नाही? कारण त्याच झेंड्याखाली काळे सैनिकही लढले, आणि १९६५ मध्ये मतदानाच्या हक्कासाठी सेल्माहून माँटगोमेरीला चालत गेलेल्यांच्या हातांतही तोच होता. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांनीही तो उचलला आणि हा आमचाही आहे असं म्हटलं. त्यामुळे त्याचा अर्थ खुला राहिला, त्यावर आजही भांडता येतं. लाल-निळ्या फुलीच्या वाट्याला हे आलं नाही. हक्क मागायला निघालेल्या काळ्या लोकांच्या चळवळीने तो झेंडा आपला म्हणून खांद्यावर घेतला नाही. ‘सगळ्याच झेंड्यांना रक्त लागलंय’ या म्हणण्याला माझं उत्तर हेच आहे. युनियन जॅकखाली काय झालं ते आपल्याला शिकवायला नको, पण ते राज्य शेकडो वर्षांचं आणि त्याच्यात बऱ्यावाईट हजार गोष्टी आहेत. चार वर्षं टिकलेलं, माणूस विकत ठेवायच्या हक्कासाठीच जन्मलेलं राज्य, आणि मग पुन्हा पुन्हा त्याच कामाला वापरलेलं निशाण, यांचं माप वेगळं.

उलट बाजूचंही एक उदाहरण आहे आणि मला ते फार बोलकं वाटतं. जॉर्जियाचा आजचा, २००३ सालचा झेंडा दक्षिणेच्या त्या पहिल्या तीन पट्ट्यांच्या झेंड्यावरूनच बेतलेला आहे. जन्म त्याच सरकारचा, दोष तोच. तरी त्यावर फुलीसारखा गदारोळ होत नाही, बहुतेकांना तो ओळखूही येत नाही. कारण शाळेच्या दारात काळ्या मुलांना अडवायला तो झेंडा कोणी नेला नव्हता. दक्षिण आफ्रिकेचा जुना केशरी-पांढरा-निळा झेंडा तर १९२८ चा, म्हणजे वर्णभेद हे सरकारी धोरण होण्याच्या वीस वर्षं आधीचा. १९४८ ते १९९४ त्याच्याखाली जे चाललं, त्याने त्याचा अर्थ ठरवला. २०१९ मध्ये तिथल्या समता न्यायालयाने तो झेंडा उगाच मिरवणं हे द्वेषमूलक वर्तन आहे असा निकाल दिला.

स्वस्तिकाचा प्रश्न

हा प्रश्न सर्वांत अवघड आणि तो विचारणाऱ्या मुलाचं मला कौतुक वाटलं. नाझींचा झेंडा जर्मनीचा एकमेव राष्ट्रध्वज झाला १५ सप्टेंबर १९३५ रोजी, न्युरेंबर्गमध्ये. ज्यूंचं नागरिकत्व काढून घेणारा आणि ज्यू-जर्मन विवाहाला बंदी घालणारा असे दोन कायदे झाले तेही त्याच दिवशी. त्या झेंड्याला त्या कायद्यांपासून वेगळं करता येत नाही.

दारावरचं कुंकवाचं स्वस्तिक मात्र नाझींकडून आलेलं नाही. त्यांच्या कितीतरी आधीपासून हिंदू, जैन, बौद्ध घरांत आणि मंदिरांत त्याचा वापर चालत आला आहे, आजही रोज चालतो. ते काढायची काहीही गरज नाही. पण कोणी लाल कापडावर पांढरा गोल, त्यात तिरपं काळं चिन्ह असा झेंडा गाडीला लावला आणि म्हणाला की हे आमच्या लक्ष्मीपूजनातलं आहे, तर ते मला मान्य होणार नाही. त्या मांडणीत तो नाझींचा झेंडा आहे. ग्रुपच्या पॅचला ही कसोटी लावली की तो टिकत नाही. लाल-निळ्या फुलीची आपल्याकडे कुठलीही परंपरा नाही. ती थेट तिकडूनच उचलली, तिला चिकटलेल्या ‘रेबेल’ या रुबाबासकट. वाघ वरून आला.

त्या मुलाला हे पटलं. म्होरक्याला अर्धं पटलं.

कापूस

‘आपल्याले काय करायचं हाय’ याचं उत्तर मला विदर्भातच सापडतं. गुलामांकडून पिकवलेला अमेरिकी कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसाचा मोठा हिस्सा होता. युद्ध सुरू झालं, उत्तरेच्या नौदलाने दक्षिणेची बंदरं कोंडली आणि लँकेशायरच्या गिरण्या थंडावल्या. कापूस हवा म्हणून इंग्रजांची नजर वऱ्हाडावर पडली. भाव कडाडले, अमरावती, खामगाव, हिंगणघाट या बाजारांत पैसा खेळू लागला. १८६५ ला युद्ध संपलं आणि भाव कोसळले. १८६७ मध्ये रेल्वे नागपुरात पोहोचली, १८७७ मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. आपल्या कापसाच्या पट्ट्याला जे रूप आलं त्यात त्या युद्धाचा हात आहे. म्होरक्याच्या घरची शेती वर्धा जिल्ह्यात आहे, कापसाची. यानंतर त्याने तो प्रश्न पुन्हा विचारला नाही.

दुसरा धागा त्या विद्यार्थिनीने सांगितला, तोवर ती गप्प होती. १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कृष्णवर्णीयांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. अस्पृश्यांची आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची स्थिती इतकी सारखी आहे की त्यांचा अभ्यास केवळ स्वाभाविक नाही, आवश्यक आहे, असं त्यात म्हटलंय. ड्यू बॉइस यांनी उत्तरही दिलं. ती म्हणाली, ‘दादा, दीक्षाभूमी आपल्या गावात आहे. त्या गावातल्या पोरांच्या पाठीवर हा झेंडा मला बघवला नाही, म्हणून मी तिखट लिहिलं.’ ‘वंशवादी’ हा शब्द तिने वापरला नव्हता, तो दुसऱ्याचा होता. म्होरक्याला हे तेव्हा कळलं. मला विचाराल तर त्या बैठकीचा अर्धा गुंता तिथंच सुटला.

पुढे काय झालं

एकमत झालं नाही. ग्रुपच्या बहुतेकांनी पॅच उसवले. दोघांनी ठेवले. त्यांचं म्हणणं असं की नागपुरात कोणाला कळतंय, आणि वापरत राहिलं की वाघाचाच अर्थ राहील. मला हे पटत नाही. फोटो त्याच संध्याकाळी जगभर दिसतो, आणि ज्यांना तो झेंडा टोचतो ती माणसं आता आपल्याच वर्गात बसतात. पण उसवायची सक्ती करावी असं मला वाटलं नाही आणि महाविद्यालयानेही केली नाही. आपल्या कार्यक्रमात हा पॅच चालणार नाही, एवढंच कळवलं. त्या दोघांनी ग्रुप सोडला. आफ्रिकेतल्या विद्यार्थ्याला म्होरक्या स्वतः भेटून आला. त्यांचं काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही.

नवा पॅच करायला पोरं रेडियमवाल्याकडे गेली तेव्हा मलाही घेऊन गेली. तो म्हणाला, ‘मॅडम, लोकं मागतात ते मी कापतो. काय खराब हाय ते तुम्हीच सांगा ना जी.’ मग त्याच्या काउंटरवर डिझाइनची अख्खी फाइल उघडली. फुलीचं पान त्याने स्वतःच काढलं. पुढे दोन वाकड्या विजांचं चिन्ह निघालं, ते हिटलरच्या एसएस दलाचं. त्याचा दुसरा अर्थ नाही, तेही गेलं. मग लोखंडी क्रॉस आला आणि तिथं आम्ही बराच वेळ अडलो. तो १८१३ मध्ये प्रशियाने काढलेल्या पदकाचा, नाझींनी त्यावर आपलं चिन्ह कोरून वापरला, आणि आजचं जर्मन सैन्य त्याचंच एक रूप आपली खूण म्हणून वापरतं. मी सांगितलं की साधा असेल तर राहू दे, मध्ये तिरपं चिन्ह असलेला काढ. त्याच्या फाइलमध्ये दोन्ही होते. त्याने दुसऱ्याचं पान फाडलं आणि पहिल्यावर पेनानं छोटी खूण केली, कोणी मागितलाच तर त्याला विचारायचं म्हणून.